भरीत-पुरी कोणाच्या खात्यात?

प्रश्न : भाऊ, लोकसभेच्या टायमाला आमच्याकडे सभा झाली, मळ्यात काट्या पेटवून वांगी भाजली, अख्ख्या गावाले भरीत-पुरी, गाड्या झेंडे तर मोजूच नका. आणि म्हणे उमेदवाराला लिमिट ९५ लाखाची! बसतं कसं? दुसरं म्हणजे अमेरिकेतला पुतण्या सांगतो, तिकडं जास्त मतं घेतलेला पण हरतो. मग बरं कोणाचं, आपलं का त्यांचं?
- एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : आधी भरीत. मतदाराला जेवू घालणं हे मुळात आमिषच, चालतच नाही. म्हणून कागदावर ते बहुतेक 'कार्यकर्त्यांचा नाश्ता' होऊन बसत असणार, असा आपला माझा अंदाज. बाकी उमेदवार स्टेजवर असला की मंडप, खुर्च्या, स्पीकर सगळं त्याच्या खात्यात पडतं, जिल्ह्याची रेट लिस्ट असते, चहाचा सुद्धा भाव ठरलेला.

खरं भोक वेगळीकडेच आहे. ९५ लाख ही लिमिट उमेदवाराला, पक्षाला काहीच नाही. सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च पण त्याच्यातच धरा, तर सरकारने लगेच कायदाच बदलून टाकला! ती सूट २००३ ला बरीच आवळली, पण पक्षाच्या स्वतःच्या प्रचाराला, नेत्यांच्या दौऱ्यांना आजही वाट्टेल तेवढा. आणि तो पैसा देतो कोण, ते २०१८ पासून इलेक्टोरल बाँडमध्ये, म्हणजे नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायच्या बँकेच्या रोख्यांत, झाकलेलं होतं, कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते रद्द केले तेव्हा कुठं नावं बाहेर आली, म्हणजे सहा वर्षं आपण डोळे झाकूनच मतदान केलं ना.

पुतण्या खरंच सांगतो. तिकडं राष्ट्राध्यक्ष निवडतात ते ५३८ इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतले प्रतिनिधी, २७० ला जिंकलं, आणि बहुतेक राज्यांत एका मताने पुढे असला तरी सगळे इलेक्टर त्याचेच. २०१६ ला हिलरी क्लिंटनला जवळपास २९ लाख मतं जास्त होती, तरी हरल्या. पण आपण हसायचं काम नाही, २०१४ ला भाजपच्या ३१ टक्के मतांवर २८२ जागा आल्याच की.

तसं आडून मतदान आपल्याकडेही आहे. आपल्या नाडगावच्या प्रतिभाताई २००७ ला राष्ट्रपती झाल्या, जळगावात केवढे फटाके, पण तुम्ही-मी कुठं मत दिलं? आमदार-खासदारांनी दिलं, महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, ते पण १९७१ च्या लोकसंख्येवर. मला त्यात अन्याय वाटत नाही, राष्ट्रपती काय कापसाचा भाव ठरवत नाही. तिकडं मात्र सगळा कारभारच त्या माणसाच्या हातात, म्हणून ते जास्त खटकतं.

आणि हो, निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, एक रुपया फी भरून कोणालाही बघता येतो. सभेची तारीख आठवते ना? पुढच्या खेपेला जळगावला गेले की ते पान काढायला लावा, आणि वांगी कोणत्या नावाने लागली ते मला कळवा.