आठ कोर, तरी आर हळूच?

प्रश्न : सर, मी निपाणीचा, एमएस्सी स्टॅटला आहे. तंबाखूच्या दरांवर आर ह्या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत 10,000 बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढून हिशोब करायचा) चालवतोय, लॅपटॉप विंडोजचा, आठ कोर, म्हणजे प्रोसेसरचे आठ भाग. पॅरलल केलं, म्हणजे काम सगळ्या कोरांत एकाच वेळी वाटलं, तर उलट जास्तच वेळ लागतोय, असं का ओ?

उत्तर : अहो, तुमची एक फेरी म्हणजे नुसता मीन (सरासरी) काढायचा, सगळ्या फेऱ्या मिळून सेकंदभरात आटपतात बघा. काम वाटून देणारं आरचं एमसीलॅप्लाय हे फंक्शन फोर्कवर (चालू प्रोग्रॅमची जशीच्या तशी जोड काढण्यावर) चालतंय, ते विंडोजला जमत नाही, म्हणून दुसरं फंक्शन, पारलॅप्लाय, आणि त्यात प्रत्येक वर्करला (काम करणाऱ्या प्रतीला) वेगळं आर उघडावं लागतंय, डेटा कॉपी करून पाठवतंय, रिझल्ट परत आणतंय, ह्यातच वेळ गेला की. गुंठाभर भांगलणीला ट्रॅक्टर भरून माणसं न्यायची का?

आधी आरप्रॉफ (वेळ मोजणारं आरचं साधन) लावून वेळ कुठं जातोय ते बघा, बऱ्याचदा साधा लूप व्हेक्टराइज केला, म्हणजे एकेक आकड्याऐवजी सगळ्यांवर एकदमच हिशोब केला, की काम होतंय. सगळ्या फेऱ्या मिळून बराच वेळ खातायत आणि फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, तरच पॅरलल. तेही मर्यादेत हं, 20 टक्के काम एकापाठोपाठ करावंच लागत असेल तर कितीबी कोर लावा, 5 पटीपुढं जात नाही, हा अॅमडालचा नियम. रॅम बघा, आठ वर्कर म्हणजे डेटाच्या आठ कॉप्या. आणि सीड (रँडम आकडे पुन्हा तेच यावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा) क्लस्टरसेटआरएनजीस्ट्रीम ह्या फंक्शननंच द्या, नुसतं नेहमीचं सेटसीड वर्करपर्यंत पोचत नाही.