घरात फायबरची केबल नीटनेटकी कशी बसवून घ्यावी?

नव्या घरात फायबरची इंटरनेट जोडणी घ्यायची आहे, पण भिंतीवर लोंबत्या तारा नकोत, तर काय काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे काम नीट होणार की नाही हे तंत्रज्ञ दारात येण्याआधीच ठरते, कारण आपण मार्ग आखून ठेवला नसेल तर तो सर्वांत सोपा मार्ग, म्हणजे बहुधा खिडकीची फट, निवडतो. माझ्याकडे तसेच झाले. सरकत्या खिडकीतून आणलेली केबल रोजच्या उघडझापीने चेपत गेली आणि काही महिन्यांतच ओएनटीवरचा, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या डबीवरचा, एलओएसचा (प्रकाश पोहोचत नसल्याचा) दिवा लाल झाला.

म्हणून आधी ओएनटी कुठे बसणार ते ठरवा. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील, तर केबल घरात शिरते तिथेच ओएनटी ठेवून तिथून घराच्या मध्यावरील राउटरपर्यंत कॅट-6 ही तांब्याची नेटवर्क केबल नेता येते. ती 100 मीटरपर्यंत चालते आणि वळवायलाही कमी नाजूक असते.

खरी गोम वळणात आहे. तांब्याच्या तारेची सवय असलेला माणूस कोपऱ्यात केबल काटकोनात दुमडून मोकळा होतो. फायबरमध्ये मात्र जेमतेम 125 मायक्रॉन जाडीचा काचेचा धागा असतो आणि वळण फार तीव्र झाले की त्यातला प्रकाश बाहेर गळू लागतो. जी.652 प्रकारच्या फायबरला साधारण 30 मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते, तर जी.657 ए2 प्रकार 7.5 मिलिमीटरपर्यंत सहन करतो. घरातल्या भागासाठी हा जी.657 ए2 प्रकारच मागावा, तरीही वळणे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढी गोल ठेवावीत, असा माझा आग्रह राहील. खिळ्याच्या क्लिपा हातोडीने घट्ट ठोकल्या तर सरळ भागातही केबल दबते. त्यापेक्षा केसिंग-पट्टी बरी, आणि भिंतीत रिकामा पाइप असेल तर फारच उत्तम. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र फायबरची केबल ओढू देऊ नका, कारण बाहेरून येणाऱ्या ड्रॉप केबलला अनेकदा आधाराची पोलादी, म्हणजे वीज वाहून नेणारी, तार जोडलेली असते. ती तार बाहेरच्या भिंतीवरील हुकाला अडकवून तिथेच सोडवायची असते. तिला घरात आणण्याचे काहीच कारण नाही.

भिंतीतले भोक आतून बाहेर उतरते पाडावे, बाहेर केबलला खाली झुकणारा छोटा झोल द्यावा म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून आत न येता खालीच ठिबकते, आणि शेवटी फट सिलिकॉनने बुजवावी. टोकाला कनेक्टर आधीच बसवलेला असेल तर भोक त्या मापाचे लागेल, हे ड्रिल सुरू होण्यापूर्वी विचारून घ्या. ओएनटीच्या मागे एक-दोन मीटर केबल गोल वेटोळे करून राखून ठेवा. पुढे टोक खराब झाले तर तेवढ्यावर निभावते.

तंत्रज्ञ निघण्यापूर्वी त्याला पॉवर मीटरने प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. जीपॉन या घरगुती फायबरच्या प्रचलित तंत्राच्या नेहमीच्या उपकरणांना उणे 8 ते उणे 27 डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचे एकक; उण्यातला आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) एवढी पातळी चालते, परंतु आकडा उणे 26 असेल तर इंटरनेट आज सुरू दिसले तरी हाताशी काहीच शिल्लक नसते. अशा वेळी वळणे आणि जोड पुन्हा तपासायला लावावेत. सुट्या टोकात डोकावून मात्र पाहू नका, कारण तो प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मिळालेला आकडा ओएनटीच्या खाली चिठ्ठीवर लिहून चिकटवा. पुढे तक्रार करावी लागली तर तुलनेला तोच उपयोगी पडेल.