वाचकांचे प्रश्न : रीबूटनंतर गेटवे पोर्ट का बदलतो?

प्रश्न : मालवण परिसरातील घरगुती निवासांचे ऑनलाइन आरक्षण आम्ही एका लिनक्स संगणकावरून चालवतो आणि त्यावर ‘काँग’ हा एपीआय गेटवे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या योग्य सेवेकडे पाठवणारा प्रोग्राम, बसवला आहे. टर्मिनलमधून सुरू केल्यास तो आम्ही ठरवलेल्या ९००० या पोर्टवर चालतो. मात्र पावसाळ्यात वीज जाऊन आली आणि संगणक आपोआप सुरू झाला, की तो ८००० वर गेलेला असतो. पोर्टचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारे नावासहित मूल्य) बॅशआरसी फाइलमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे. त्याऐवजी पासवर्डसह सगळे काही कमांडलाइनवर ऑप्शन म्हणून द्यावे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल संगणकाचे नसते, प्रोसेसचे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचे असते. प्रत्येक प्रोसेसला ते तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून मिळते. टर्मिनलमध्ये ते काम बॅश, म्हणजे तिथल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, करतो. रीबूटनंतर मात्र गेटवेला सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधील सर्व्हिस सुरू करणारी व्यवस्था, सुरू करते आणि ती तुमची बॅशआरसी वाचतच नाही. मूल्य मिळाले नाही, म्हणून काँगने स्वतःचा ठरलेला पोर्ट, म्हणजे ८०००, धरला.

तेव्हा ही व्हेरिएबल्स एका वेगळ्या फाइलमध्ये लिहावीत आणि सर्व्हिसच्या युनिटमध्ये (सिस्टमडीसाठीच्या तिच्या वर्णनाच्या फाइलमध्ये) ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ या निर्देशाने तिचा मार्ग द्यावा. व्हेरिएबल्सच्या या फाइलमध्ये बॅशआरसीप्रमाणे ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द लिहायचा नाही. तिथे तो चालत नाही. युनिट बदलल्यावर डेमन-रीलोड (सिस्टमडीला युनिट पुन्हा वाचायला लावणारी कमांड) आणि मग सर्व्हिस रीस्टार्ट करावी. पुढे केवळ व्हेरिएबल्सच्या फाइलमधील मूल्य बदलले, तर रीस्टार्ट पुरेसा होतो.

पासवर्ड कमांडलाइनवर देऊ नये, कारण सर्वसाधारण लिनक्सवर चालू प्रोसेसची यादी दाखवणारी ‘पीएस’ कमांड चालवणाऱ्या कोणालाही दुसऱ्याच्या प्रोसेसचे ऑप्शन वाचता येतात. एन्व्हायर्नमेंट मात्र ती प्रोसेस ज्याची आहे त्याच वापरकर्त्याला आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला दिसते. ही नवी फाइल रूटच्या मालकीची, ६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) ठेवली तरी चालते, कारण ती सिस्टमडी स्वतः वाचते. शिवाय काँगच्या स्टार्ट कमांडला कॉन्फिगरेशन फाइल कोणती, कामाची डिरेक्टरी कोणती, असे मोजकेच ऑप्शन आहेत. बाकी सेटिंग कॉन्फिगरेशन फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंटमधून येते आणि दोन्हीकडे असल्यास एन्व्हायर्नमेंट वरचढ ठरते.

व्हेरिएबलचे नाव म्हणजे सेटिंगचेच नाव, कॅपिटल अक्षरांत, आधी ‘काँग’ आणि अंडरस्कोर जोडून. इथे एक खोच आहे. चुकीचा ऑप्शन दिला, तर प्रोग्राम बहुधा सुरू होतानाच तक्रार करतो; व्हेरिएबलच्या नावात चूक झाली, तर ते निमूटपणे दुर्लक्षिले जाते. म्हणून नावे नीट तपासावीत. सगळी मूल्ये एकत्र करून काँग अखेर काय धरून चालला आहे, हे त्याच्या कामाच्या डिरेक्टरीतील, टिंबाने सुरू होणाऱ्या ‘काँग_एन्व्ह’ या फाइलमध्ये पाहता येते.

प्रॉक्सीचा, म्हणजे विनंत्या स्वीकारण्याचा पोर्ट बदलताना अ‍ॅडमिन एपीआयचा (गेटवेची मांडणी बदलण्याच्या मार्गाचा) पत्ता मात्र १२७.०.०.१, म्हणजे फक्त त्याच संगणकापुरता, असाच राहू द्यावा. तो ०.०.०.० (संगणकाचे सगळे नेटवर्क पत्ते) केला, तर नेटवर्कवरून पोहोचू शकणाऱ्या कोणालाही गेटवेची मांडणी बदलण्याची वाट मोकळी होते.