जीसीसी टाकायला जीसीसीच मागतोय!

प्रश्न: सर, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकलंय. सी चा प्रोग्रॅम कंपाईल करायला गेलो तर जीसीसी (सी चा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) सापडत नाही म्हणतं. मित्राने जीसीसीच्या सोर्सची टार फाईल दिली, ती उघडून कॉन्फिगर चालवलं तर 'नो ॲक्सेप्टेबल सी कंपायलर फाऊंड'. म्हणजे कंपायलर टाकायला आधी कंपायलर लागतो का? आणि प्रोजेक्टला स्नेक गेम करायचाय, त्याला एनकर्सेस (टर्मिनलवर हवं तिथे अक्षरं दाखवायची लायब्ररी) लागतं म्हणे, ते कसं टाकायचं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: हो रे, खरंच लागतो. जीसीसी आता स्वतःच सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे त्याचा सोर्स कंपाईल करायला दुसरा कंपायलर आधी हवाच, आणि तो असला तरी जीसीसी स्वतःला एकदा नाही तर तीनदा बांधतो, जुन्या लॅपटॉपवर त्यात तासन्‌तास जातील. ती टार फाईल डिलीट कर.

टर्मिनलमध्ये आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, ॲप्ट म्हणजे उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) मार आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल', सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, शेवटच्या दोन शब्दांमध्ये स्पेस नाही, डॅश. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, कीबोर्ड बिघडलाय असं वाटतं, तसं नाहीये, टाईप करून एंटर मार. बिल्ड-इसेन्शियलमध्ये स्वतःचं असं फारसं काही नसतं, ते फक्त बाकीच्यांना ओढून आणतं: जीसीसी, जी प्लस प्लस, मेक आणि एलआयबीसी६-डेव्ह. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण एसटीडीआयओ डॉट एच, म्हणजे सी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत घेतो ती हेडर फाईल, त्यातूनच येते, ते नसेल तर कंपायलर असूनही पहिल्याच ओळीला अडतो. मध्येच 'कुड नॉट गेट लॉक' आलं तर मागे आपोआप अपडेट चालू असेल, थोडा वेळ थांब, लॉकची फाईल उडवायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस, अर्धवट इन्स्टॉल झालेली पॅकेजेस निस्तरणं जास्त त्रासाचं आहे.

आता एनकर्सेस. इथे पोरं खूप गोंधळतात, कारण लायब्ररी मशीनवर बहुतेक आधीच असते, टर्मिनलमधले किती तरी प्रोग्रॅम तिच्यावरच चालतात, तरी कंपायलर म्हणतो हेडर फाईल नाही. प्रोग्रॅम चालवायला लागणारा भाग वेगळा आणि बनवायला लागणारा वेगळा, उबुंटू ते दोन पॅकेजमध्ये देतं आणि बनवायच्या पॅकेजच्या नावाला शेवटी 'डेव्ह' लागलेलं असतं. तुला 'एलआयबीएनकर्सेस-डेव्ह' हवंय, त्याच ॲप्ट इन्स्टॉलने टाक. नंतर कंपाईल करताना फाईलच्या नावानंतर डॅश, एल आणि त्याला चिकटून एनकर्सेस लिही. हे फाईलच्या आधी लिहिलंस तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येईल.

आणि एक मनापासून सांगतो, एरर पूर्ण वाचत जा. जीसीसी सापडत नाही म्हणताना उबुंटू त्याच मेसेजमध्ये कुठली कमांड मारायची तेही लिहून देतं, तू ते सोडून टार फाईलच्या मागे गेलास. कंपाईलच्या वेळी पन्नास ओळी लाल आल्या तर वर जाऊन पहिली एरर बघ, बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये फेडोरा (उबुंटूसारखंच दुसरं लिनक्स) असेल तर तिथे ॲप्ट नाही, डीएनएफ, आणि 'डेव्ह'च्या जागी 'डेव्हेल', म्हणजे 'एनकर्सेस-डेव्हेल'. फक्त लॅबच्या मशीनवर सुडोचा पासवर्ड लागेल, तो लॅब असिस्टंटना विचार.