बेसलाइन वजा करण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू हुशार आहेस, जमेल तुला, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे आणि त्यानं तुझा पेच सुटणारही नाही. पीएचडीसाठी दोन गटांकडून होकार आलाय. एकीकडे भट्ट्या, सॅम्पल आणि एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण पाडून कोणत्या कोनांना शिखरं येतात त्यावरून स्फटिक ओळखणं. दुसरीकडे सगळं संगणकावर, मॉडेलला विचारायचं आणि मॉडेलनं पदार्थ सुचवायचे. त्यात रोज सकाळी कुठला ना कुठला प्रश्न 'सुटल्याची' बातमी वाचून तुझे हातपाय गळाले आहेत. प्रथिनांच्या घड्यांचं कोडं सुटलं, लाखो नव्या स्फटिकांची यादी निघाली, क्वांटम चिपनं कमाल केली. मग मी भट्टीपुढे बसून काय करू, असं विचारतेस.

कोणता गट निवड हे मी सांगणार नाही. मी एवढंच विचारते की या दोन्हींपैकी कुठे तुला कच्चा डेटा उघडून बघू देतील? आलेख नव्हे, सरासरी नव्हे, स्कोअर नव्हे. यंत्रातून निघालेली मूळ फाइल. हे पत्र लांबणार आहे आणि त्यात हेच पुन्हापुन्हा येणार आहे. मला दुसरं काही फारसं येत नाही.

एलके-९९ आठवतंय ना? तेव्हा तू बी.एस्सी.ला असशील. २०२३ च्या जुलैत कोरियातल्या एका गटानं जाहीर केलं की शिशाच्या अ‍ॅपटाइट या खनिजात थोडं तांबं घातलं की साध्या हवेच्या दाबाला आणि खोलीच्या तापमानाला अतिवाहकता मिळते, म्हणजे वीज अजिबात रोधाशिवाय वाहते. जगभर लोकांनी भट्ट्या पेटवल्या. चुंबकावर एका कडेनं उचलला गेलेला काळा तुकडा सगळ्यांनी पाहिला. पुरावा म्हणून एक आलेख होता, त्यात १०५ अंश सेल्सियसच्या आसपास विद्युतरोध एकदम कोसळत होता. तू मला तेव्हा भेटली असतीस तर मी तुला तो आलेख बाजूला ठेवून पेपरातला एक्सआरडी बघायला लावला असता. त्यात कॉपर सल्फाइडची शिखरं होती. लपवलेलीही नव्हती, पेपरात अशुद्धी म्हणून तिचा उल्लेख होता. पदार्थ बनवायचं जे रासायनिक समीकरण त्यांनी दिलं होतं, त्यात तांबं आणि गंधक उरत होतं, आणि त्यांचं कॉपर सल्फाइडच होणार. आणि कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना १०४ अंशांच्या आसपास बदलते, तेव्हा त्याचा रोध धाडकन खाली येतो. ही जुनी, छापून पडलेली माहिती. ज्यांनी त्या सल्फाइडवर आयुष्य काढलं होतं त्यांना तो आकडा बघताक्षणी ओळखीचा वाटला.

पुढे श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत कॉपर सल्फाइड टाळून एलके-९९ चे शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळे, पारदर्शक आणि चक्क इन्सुलेटर! महिन्याभरात सगळा गाजावाजा संपला. लोक याला फजिती म्हणतात. मला तो अलीकडचा सगळ्यात नीट पार पडलेला प्रयोग वाटतो, कारण माहिती उघड्यावर होती आणि ती बघणारे डोळे जगात शिल्लक होते. ते डोळे आणखी वीस वर्षांनी शिल्लक असतील का, ही माझी काळजी. तुझी काळजी वेगळी आहे, आणि खरं सांगू, ती मला जरा उथळ वाटते. नोकरी टिकेल का, हा प्रश्न नाही गं. तुला बघता येईल का, हा आहे.

आता तुझ्या त्या लाखो स्फटिकांच्या यादीकडे येते. २०२३ च्या नोव्हेंबरात गुगलच्या डीपमाइंडनं जी-नोम (GNoME) हे मॉडेल मांडलं. २२ लाख स्फटिकरचनांचं भाकीत, त्यातल्या सुमारे ३ लाख ८० हजार सर्वांत स्थिर. सोबतच बर्कलीच्या ए-लॅब या स्वयंचलित प्रयोगशाळेचा पेपर आला. तिथल्या यंत्रमानवांनी १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ स्वतः बनवले आणि स्वतःच ओळखले. बनवणं खरं होतं, त्याचं मला आजही कौतुक आहे. मेख ओळखण्यात होती. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट पॅलग्रेव्ह, लेस्ली शूप आणि त्यांचे सहकारी ते एक्सआरडी पॅटर्न एकेक करून बघत बसले. त्यांचं म्हणणं असं पडलं की यातला एकही पदार्थ नवा असल्याचं सिद्ध होत नाही.

हे नीट समजून घे, कारण तुझ्या दुसऱ्या गटात हाच खड्डा तुझी वाट बघतोय. समज, एखाद्या ऑक्साइडमध्ये दोन धातू आहेत. मॉडेल सांगतं की ते ठरावीक जागी एकाआड एक बसले आहेत. प्रत्यक्ष भट्टीत ते बहुधा त्याच जागांवर कसेही विखुरतात, आणि तसा विखुरलेला पदार्थ कित्येकदा आधीपासून माहीत असतो. दोन्हींची मोठी शिखरं जवळपास तीच. फरक दिसतो तो लहान कोनांकडच्या बारीकशा जादा शिखरांत. अणू शिस्तीत बसले असतील तरच ती उगवतात. ती नसतील तर तुझा 'नवा' पदार्थ जुनाच आहे. आपोआप जुळवणी करणाऱ्या प्रोग्रामला मोठी शिखरं जुळली की समाधान होतं. जे शिखर असायला हवं होतं आणि नाही, ते त्याला खटकत नाही.

आणि मॉडेलला ही शक्यता सुचली का नाही? तर ज्या गणिती डेटाबेसवर अशी मॉडेलं शिकतात त्यांत एका जागेवर दोन अणू अर्धे-अर्धे, अशा नोंदी बहुतेक ठेवलेल्याच नसतात. त्या गणिताला झेपत नाहीत म्हणून आधीच गाळलेल्या. म्हणजे ज्यानं कुणी तो रकाना गाळला, त्यानं त्या मॉडेलच्या जगातून अर्धं रसायनशास्त्र हद्दपार केलं. संगणकाच्या गटात गेलीस तर तुझा कच्चा डेटा तोच, न गाळलेला तक्ता. पहिल्या आठवड्यात कोड लिहू नकोस. तक्ता उघड आणि ओळी वाच. कुठल्या नोंदी फेकल्या, का फेकल्या, एकच संयुग दोन नावांनी शिकवणीच्या भागात आणि परीक्षेच्या भागातही बसलंय का, ते बघ. तसं असेल तर ९८ टक्के अचूकतेचा आकडा कागदावर छान दिसेल, बाकी काही नाही.

मला संगणकाचा राग आहे असं माझ्या मागे बोललं जातं. नाही. न बघण्याचा राग आहे. बघायचं टाळणारे लोक संगणक येण्याआधीही होतेच.

एक सांगते. फार वर्षांपूर्वी एका संयुक्त कामात आमच्या पॅटर्नमध्ये पायथ्याशी एक बुटका, पसरट उंचवटा होता. सॅम्पल ठेवायच्या होल्डरचा नव्हता, अ‍ॅल्युमिनियमच्या होल्डरचं शिखर ३८.५ अंशांच्या जवळ येतं आणि ते नवखे लोक हमखास नवा पदार्थ म्हणून घेऊन येतात, तितकी नवखी मी नव्हते. आमच्या ज्येष्ठांचं म्हणणं, बेसलाइन, म्हणजे शिखरांखालची पार्श्वभूमीची रेघ, वजा कर, जाईल. गेलाही असता. मी म्हटलं, वजा करण्याआधीचा आलेख सोबत छापा, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. पुढची जागा मिळाली नाही, एक जुनी मैत्रीण कायमची दुरावली, आणि माझ्या पेपरांची यादी माझ्या वयाच्या मानानं आखूडच राहिली. तो उंचवटा काय होता? आजतागायत मला कळलेलं नाही. त्यातून मोठा शोध निघाला असता तर गोष्ट छान सजली असती. नाही निघाला. म्हणून मी चुकले, असं मला आजही वाटत नाही. मैत्रिणीचं मात्र वाईट वाटतं, रात्री-अपरात्री वाटतं. तिला मी वेगळ्या शब्दांत सांगू शकले असते. पण सांगितलं तेच असतं.

असो. तुझं पत्र, आणि मी माझंच दळण घेऊन बसले.

अल्फाफोल्ड, तुझं ते प्रथिनांच्या घड्या ओळखणारं मॉडेल. हो, ते थोरच आहे. २०२० च्या सीएएसपी या प्रथिनांच्या रचना ओळखायच्या स्पर्धेतले निकाल पाहून मीही थक्क झाले होते, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा योग्यच आहे. डेव्हिड बेकर यांचाही. पण 'प्रश्न सुटला' म्हणताना हे ध्यानात ठेव की ते मॉडेल उभं आहे प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहावर. ती १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. पुढे जमलेल्या लाखाहून अधिक रचनांपैकी बहुतेकींमागे कुणीतरी स्फटिक वाढवलाय, तो फुटलाय, पुन्हा वाढवलाय. विशेष म्हणजे त्या बँकेत रचनेसोबत मूळ मोजमापंही जमा करायची शिस्त हळूहळू लागली. ती नसती तर शिकायला विश्वासार्ह असं काय उरलं असतं?

आणि अल्फाफोल्डचं उत्तर तरी तू कसं वाचतेस? प्रत्येक अमिनो आम्लाला ० ते १०० मध्ये खात्रीचा गुण दिलेला असतो. ५० च्या खालचा भाग नारिंगी दिसतो, लोंबत्या दोऱ्यासारखा. मॉडेल प्रामाणिकपणे सांगत असतं की इथलं मला माहीत नाही, आणि इथे कदाचित ठाम घडी नसेलच. लोक तो भाग कापून, खात्रीचा निळा भाग फिरवून सुंदर चित्र करतात आणि सेमिनारमध्ये लावतात. तू कापू नकोस. कित्येक प्रथिनांची खरी कामगिरी त्या लोंबत्या भागातच चालते.

न कापण्याचं मोल बघायचं असेल तर १९८७ मध्ये जा. योशिझुमी इशिनो आणि सहकारी ई. कोलाय जिवाणूच्या एका जनुकाचा क्रम वाचत होते. जनुकाच्या शेजारी त्यांना तेच ते तुकडे ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा आलेले दिसले. त्यांच्या प्रश्नाशी या तुकड्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी ते छापले आणि यांचा जैविक अर्थ माहीत नाही, असं लिहून मोकळे झाले. आज ज्याला आपण क्रिस्पर म्हणतो ते हे. २०१२ मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांनी त्यातून जनुकं कापायची कात्री घडवली, २०२३ च्या अखेरीस या कात्रीच्या पहिल्या उपचाराला, सिकल सेल या रक्ताच्या आजारावरच्या, मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये एका तान्ह्या बाळासाठी, त्याच्या एकट्याच्या जनुकदोषासाठी, सहा महिन्यांत औषध घडवलं गेलं. बातमी त्या बाळाची झाली, व्हायलाच हवी. मला मात्र 'अर्थ माहीत नाही' असं लिहून तुकडे छापणारे ते लोक जास्त आवडतात. आजचा एखादा घाईतला गाइड म्हणाला असता, विषयाशी संबंध नाही, काढून टाक.

क्वांटमचं थोडक्यात सांगते, माझा प्रांत नाही. गुगलच्या विलो चिपच्या बातमीत विश्वाच्या वयापेक्षा मोठा आकडा होता, तो विसर. १०५ क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम बिटांच्या, त्या चिपवर चुका दुरुस्त करणारी क्यूबिटांची जाळी ३ वरून ५, ५ वरून ७ अशी मोठी केली, तेव्हा दर पायरीला चूक आधीच्या निम्म्याहूनही थोडी खाली आली. खरी मजल ती. आणि त्याच पेपरात त्यांनी हेही सांगून टाकलं की दुसऱ्या एका दुरुस्ती-पद्धतीवर दीर्घकाळ नजर ठेवली तेव्हा साधारण तासाला एकदा एकदम झुंडीनं चुका आलेल्या दिसल्या. तासाला एकदा! सरासरी काढली असती तर ते कुणाला दिसलं असतं?

तू म्हणशील, इतकं बघत बसले तर मागे पडेन. पडशील. मी पडले. तुझ्याबरोबरीची मुलं तीन पेपर काढतील तेव्हा तुझा एक निघेल, आणि पी हळद अन् हो गोरी अशा घाईतल्या समितीला ते आवडणार नाही. यावर माझ्याकडे औषध नाही. क्वासिक्रिस्टल शोधणाऱ्या शेख्टमनचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही. ते सगळेच देतात, आणि अजब पॅटर्न दिसल्यावर त्याच्यासारखी वहीत तीन प्रश्नचिन्हं काढणारा प्रत्येक जण नोबेलला जात नाही.

आता कामाचं. दोन्ही गटांना भेटायला जाशील तेव्हा प्रमुखांशी बोलणं उरकून तिथल्या सगळ्यात नवख्या विद्यार्थ्यापाशी जाऊन बस. मागच्या महिन्यात फसलेलं एखादं काम दाखव म्हण. भट्टीवाल्यांकडे सॅम्पलचा पॅटर्न, संगणकवाल्यांकडे चुकलेल्या भाकितांची यादी. चटकन उघडून दाखवली तर चांगलं. 'तसलं आम्ही ठेवत नाही' म्हणाला तर चहा घे आणि नमस्कार करून नीघ, मग प्रमुख कितीही नावाजलेले असोत. पायथन शीक, ते हवंच. रीटव्हेल्ड जुळवणी, म्हणजे गणितानं काढलेला पॅटर्न मोजलेल्या पॅटर्नवर बसवणं, एकदा तरी हातानं कर. खालची, त्या दोन्हींतल्या फरकाची रेघ सपाट आहे का ते आधी बघ, जुळणीचा एका आकड्यातला गुण, आर-फॅक्टर, तो नंतर.

आणि तू प्रकल्पाचा जो एक्सआरडी पत्रासोबत धाडलास, त्यात २० अंशांच्या खालचा भाग दिसत नाही, बेसलाइन वजा केलेली आहे, आणि रेघ इतकी गुळगुळीत आहे की स्मूदिंगही झालेलं असणार. कुणी करायला सांगितलं? सांगितलं असेल तर असो. मूळ फाइल पाठव, आणि रिकाम्या होल्डरचं स्कॅन घेतलं असेल तर तेही. घेतलं नसेल तर आधी ते घे, मग पाठव.