रणगाडा उभा करायचाय? आधी भंगार सांभाळ

नगरचं रणगाडा म्युझियम बघून आल्यापासून तुझ्या डोक्यात किडा वळवळतोय, की भंगार झालेला रणगाडा परत चालता कसा करतात आणि आपण सुरुवात कुठून करायची. आधीच सांगतो, मी रणगाड्याला हात लावलेला नाही. अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे साचे-डाय बनवतात तिथे, आयुष्य गेलं आणि घरामागे 1944 ची विलीज जीप उभी केली. दुखणं तेच, शर्मन या अमेरिकन रणगाड्याचं फक्त तीस टनाचं.

सगळे आधी इंजिनावर तुटून पडतात. अरे, इंजिन दुसरं बसवता येतं, इंग्लंडच्या बॉव्हिंग्टन म्युझियममधला जर्मन रणगाडा टायगर 131 मूळचा एचएल 210 इंजिनवाला, रिस्टोर करताना त्यात एचएल 230 इंजिन बसवलं आणि गाडी चालली. अडतं ते फुटक्या, गंजक्या, नाव नसलेल्या तुकड्यांवर, कारण ड्रॉइंग मिळालं नाही तर तो तुकडाच ड्रॉइंग असतो. मी जीपचा तीन तुकडे झालेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा ओतीव पाइप, भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकला, मग देवळालीच्या मित्राचा उसना आणला आणि फाउंड्रीवाल्याने डोकं न लावता त्याच्यावरूनच साचा केला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, स्टील दोन टक्के, त्यामुळे दीड फुटाच्या कास्टिंगला शेवटच्या बोल्टची जागा चार मिलिमीटर चुकली! साचा ज्याच्यावरून करतात तो पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, हे मला, टूलरूमवाल्याला, कळायला नको होतं का.

दुसरं, आटे. व्हॅलेंटाईनसारख्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या घराण्याचे, 55 अंश कोनाचे, अमेरिकन शर्मनला 60 चे, आणि दुकानात मिळतो मेट्रिक. दोन आटे बसतो, तिसऱ्याला अडतो, आपण पाना लावून रेटतो आणि झालं वाटोळं. आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी, पिच गेज, खिशात ठेव. चिलखताच्या प्लेटला साध्या रॉडने वेल्डिंग करू नकोस, लो हायड्रोजन रॉड आणि आधी प्लेट गरम, नाहीतर वेल्डच्या शेजारून तडा जातो.

गंज काढायला ग्राइंडर मारू नकोस, त्यावर कोरलेले पार्ट नंबर जातात. विजेने सोडव: टबात पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, त्याची निगेटिव्ह पार्टला आणि पॉझिटिव्हला साधं लोखंड, स्टेनलेस अजिबात नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावरच कर, आणि बिडी पेटवू नकोस तिथे.

तुझ्याकडे पहिला जो पार्ट आलाय त्याचा फोटो टाक, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून.