पत्र तुमचं, सर्जन व्हायचंय तिला

‘मुलगी नाशिकला एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय. तिला जनरल सर्जरीच हवी म्हणते. बाईमाणसाला ती झेपत नाही, स्थळंही अडतात. गायनॅक किंवा स्किन घे, असं तिला समजावाल का?’
– निफाड तालुक्यातून एक वडील

भाऊसाहेब, नाही समजावणार.

दोन पानांच्या पत्रात लग्न पाच वेळा येतं. तिला सर्जरी का हवी, हे एकदाही नाही. विचारलंयत का कधी? ‘२६ च्या आत उरकायचंय’ असं लिहिलंत. उरकायचं ते छाटणीचं काम, पोरीचं आयुष्य नव्हे. तुम्ही द्राक्षवाले, अवकाळीच्या धास्तीनं रात्री दोनला फवारणीला निघता, तेव्हा ‘झेपत नाही, बाग सोडा’ असं घरात कोणी म्हणतं का?

आणि गायनॅक बायकांना सोयीचं, हे कुणी भरवलं तुमच्या डोक्यात? बाळंतपण घड्याळ बघून होत नाही. पहाटे तीनला बाळाचे ठोके मंदावले की सिझर तेव्हाच करावं लागतं, आणि सिझर ही शस्त्रक्रियाच असते. हर्नियाला, पित्ताशयाच्या खड्यांना बहुतेक वेळा तारीख तरी देता येते. सर्जरीतही रात्री-अपरात्री अपेंडिक्स, अपघात येतातच. पण ‘इथे झोप, तिथे जागरण’ अशी वाटणी नाही.

त्रास आहे, तो वेगळाच. राउंडला तिला ‘सिस्टर’ म्हणतील. सगळं समजावून सांगितल्यावर नातेवाईक विचारतील, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ लहान रुग्णालयांत ऑपरेशन थिएटरबाहेर ‘डॉक्टर्स’ पाटीची कपडे बदलायची खोली पुष्कळदा एकच, ती पुरुषांची. ही बदलणार नर्सेसच्या खोलीत, आणि केसची खरी चर्चा होणार त्या पहिल्या खोलीत. ग्लोव्ह्ज साडेसात नंबरचे, हिचा हात सहाचा. ग्लोव्ह्जच्या बोटांची टोकं रिकामी लोंबत राहिली की टाक्याची गाठ नीट बसत नाही.

पण सुरगाणा-पेठकडची बाई स्तनातली गाठ पुरुष डॉक्टरला दाखवायच्या लाजेनं महिनोन्‌महिने पदराखाली दडवते. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच, आणि त्याचं ऑपरेशन बहुतेक ठिकाणी जनरल सर्जनच करतात. तिथे तुमच्या मुलीचं बाई असणं उपयोगाचं आहे.

नीट-पीजीची प्रवेश परीक्षा, ३ वर्षांचं एमएस, सरकारी सेवेचा बाँड हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. कॉलेज निवडताना मात्र नुसता कटऑफ बघू नका. तिथल्या एमएस सेकंड इयरच्या मुलीला गाठून विचारायला सांगा : अपेंडिक्स तू स्वतः किती केलेस, की अजून चीर ताणून धरायचा रिट्रॅक्टरच धरून उभी असतेस? मुलांना केस आणि मुलींना ड्रेसिंग अशी वाटणी असेल, तर ते कॉलेज यादीत खाली टाका.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. नाहीतर शनिवारी कॉलेज रोडला माझ्याकडे पाठवा, एकटीला. सोडायला आलात तर खाली चहाची टपरी आहे, तिथे बसा.